अंगाऱ्याच्या डबीतली पुडी

याला महाराजांची कृपा म्हणावं की माझा वेंधळेपणा, हे मला अजूनही उमगलेलं नाही. इतकी वर्षं दत्तमहाराजांचं करते, पण त्या गुरुवारी घरात जे घडलं ते आठवलं की हात जोडावेत की कपाळ बडवून घ्यावं, असा प्रश्न पडतो.

यजमान इकडे हिंदी मुलखात बरखेड्याच्या कारखान्यातून निवृत्त झाले आणि आम्ही सोनागिरीत राहायला आलो. मुलगा निखिल एम. पी. नगरमधल्या एका ऑफिसात जायचा. वर्षभरात तो पार वाळला, नोकरी सुटली, दिवसदिवस खोलीचं दार बंद. शेजारपाजारचे लोक आपल्या मुलांना आमच्याकडे पाठवेनासे झाले. मी कधी दृष्ट काढायची, कधी काढा पाजायची आणि विचारणाऱ्यांना ॲसिडिटी आहे म्हणून सांगायची. खरं तर मला काहीच कळत नव्हतं. शेवटी मी महाराजांवरच रुसले. तुमच्यासमोर रोज दिवा लावते, आणि तुम्ही नुसते बघत बसता, असं त्यांना बोलूनही दाखवलं.

आमच्याकडे गुरुवारी आरतीनंतर सगळ्यांच्या कपाळाला अंगारा लावायचा आणि चिमूटभर जिभेवर द्यायचा, अशी सासूबाईंपासूनची रीत. बाहेर जाणाऱ्याच्या खिशात अंगाऱ्याची पुडीही ठेवायची. निखिल ती काढून कपाटावर फेकायचा. म्हणून त्या दिवशी धुवायच्या पॅंटच्या खिशात कागदाची छोटी पुडी सापडली, आत मातकट भुकटी, तेव्हा माझे डोळे भरून आले. पोरगं गुपचूप अंगारा बाळगतंय! डबीतला अंगारा संपत आला होता. मी ती पुडी मोठ्या भक्तिभावानं डबीत रिकामी केली.

दुपारपासून निखिल घर उलथंपालथं करत होता. नाक गळत होतं, जांभयांवर जांभया. काय हरवलंय ते सांगेना. सर्दी झालीय असं समजून मीच त्याला ओढून आरतीला उभं केलं. आरती झाली. दम्यामुळे यजमान खुर्चीतच बसले होते. त्यांनी नेहमीसारखी जीभ बाहेर काढली. मी डबी उघडून चिमूट घेतली. निखिलची नजर डबीवर गेली आणि तो ओरडला, "आई, रुक! बाबांना देऊ नकोस! वो अंगारा नहीं है!" त्यानं झेप घेऊन वडिलांच्या तोंडावर हात दाबून धरला.

मी भडकले. "देवापुढे काय हा आरडाओरडा? तुझ्याच खिशातली पुडी आहे ती!"

"म्हणूनच सांगतोय ना. स्मॅक आहे ती."

मला तो शब्द कळला नाही, पण यजमानांना कळला: नशेची भुकटी. त्यांनी त्याचा हात तोंडावरून काढला, पण सोडला नाही. तेव्हा निखिल लहानपणी रडायचा तसा हमसून रडायला लागला आणि म्हणाला, "बाबा, हात सोडू नका. सोडलात तर मी डबी घेऊन पळेन."

मी डबी मोरीत नेऊन रिकामी केली, घासली, पुन्हा घासली. दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं इस्पितळात गेलो. उलट्या, अंगदुखी, शिव्या, सगळं पाहिलं. मध्ये एकदा तो पुन्हा घसरलाही. हा आजार आहे, धीर धरा, असं डॉक्टर सांगत होते आणि मी मान हलवत होते.

पुष्कळदा विचार करते. पुडी तेव्हाच ओळखली असती तर मी आकांत केला असता, त्यानं थाप मारली असती आणि सगळं पूर्वीसारखं चाललं असतं. पण मग यजमानांच्या जिभेपर्यंत विष नेलं ते माझ्या हातानं की महाराजांच्या? आणि ज्या पुडीसाठी पोराचा जीव तडफडत होता, ती समोर दिसत असताना त्याचा हात डबीकडे न जाता वडिलांच्या तोंडाकडे कसा गेला? डोकं चालत नाही. तेवढ्या एका गोष्टीसाठी मात्र मी जन्मभर ऋणी आहे.

आता गुरुवारी अंगारा निखिलच लावतो, फक्त कपाळाला. आधी बाबांना. ते अजूनही सवयीनं जीभ बाहेर काढतात, आणि तो हसून आपल्या हातानं त्यांचं तोंड मिटवतो. मी डोळे मिटून महाराजांना म्हणते, मला नाही कळलं, पण तुम्हाला कळलंय ना, मग झालं.