धूळ मात्र आमच्या वाडीतली

माझ्या आत्याच्या यजमानांइतका हट्टी माणूस त्या काळच्या अख्ख्या कुलाबा जिल्ह्यात दुसरा नव्हता, आणि असलाच तर आतोबांनी त्याच्याशी बोलणं टाकलेलं असणार. कुणाला विडीचं व्यसन असतं, कुणाला पत्त्यांचं. आतोबांना अबोल्याचं होतं. दिवेआगरच्या न्हाव्यानं एकदा त्यांच्या मिश्या जरा जास्त कापल्या, तर त्या पुन्हा येईपर्यंत ते त्याच्याशी बोलले नाहीत. दाढी मात्र त्याच्याकडूनच करून घेत आणि शेजारी बसलेल्या गिऱ्हाइकाला सांगत, "याला म्हणावं, हनुवटीखाली राहिलंय." अबोला म्हणजे त्या माणसाला उद्देशून शब्द काढायचा नाही, एवढाच त्यांचा कायदा. तिसरा माणूस मध्ये असला की सगळं माफ. तिसरा नसला तर ते खांबाशी बोलत. आत्याशी बिनसलं की "आज आमटीत मीठ नाही वाटतं" हे माजघरातल्या खांबाला सांगितलं जाई. आत्याही तितकीच खट. ती मिठाचं भांडं खांबापाशी नेऊन ठेवी.

या सगळ्यांतला थोरला अबोला थोरल्या भावाशी, अण्णांशी होता. वडील, म्हणजे दादा, गेल्यावर वाटण्या झाल्या. घर आणि वाडी आतोबांकडे आली, मुंबईची जागा अण्णांकडे गेली, आणि वडिलांनी हौसेनं गलबतात घालून मुंबईहून आणलेली विलायती मोटारही अण्णांकडेच गेली. अण्णा सहज बोलून गेले, "तुला कुठं चालवता येते?" आतोबांना ती खरंच चालवता येत नव्हती, येत असती तर त्यांनी हसून सोडून दिलं असतं. "मग घेऊन जा," ते म्हणाले. "नेईन तेव्हा नेईन," अण्णा म्हणाले. हे त्यांचं शेवटचं बोलणं. अण्णा मुंबईला गेले आणि मोटार वाडीतल्या झावळ्यांच्या खोपीत उभीच राहिली.

दुसऱ्याच्या वस्तूला हात लावायचा नाही हा आतोबांचा आणखी एक कायदा. खाऱ्या वाऱ्यानं मोटारीचे पत्रे खाल्ले, पावसाळ्यामागून पावसाळे गेले, मडगार्डांवर शेवाळ धरलं, तरी त्यांनी तिच्यावर साधं फडकं मारलं नाही. मागच्या गादीवर मांजर व्यायली तेव्हा ती पिल्लं "अण्णाकडची" ठरली. एका वर्षी भोपळ्याचा वेल टपावर चढला आणि वर चांगला घागरीएवढा भोपळा धरला. आतोबा तो तोडू देईनात. "त्याच्या हद्दीत आहे," म्हणाले. शेवटी ते शिंपण्यात गुंतलेले असताना आत्यानं भोपळा उतरवला आणि घारगे केले. आतोबांनी ते पोटभर खाल्ले आणि भोपळा कुठला ते विचारलं नाही.

मी तेव्हा पेणला शाळेत शिकवत होते आणि मे महिन्याच्या सुट्टीत आत्याकडे आले होते. मुंबईहून आलेल्या एका शेजाऱ्यानं अण्णांच्या मुलाचा निरोप आणला. अण्णा शनिवारच्या बोटीनं यायचे होते, मोटार बघायला. आतोबांचा झोपाळा जागच्या जागी थांबला. "बघायला म्हणजे चुका काढायला," असं खांबाला सांगून ते उठले, रिठ्याचं पाणी केलं आणि खोपीकडे निघाले.

"आता कसा चालतो हात लावलेला?" आत्यानं विचारलं.

"मोटार त्याची असेल. तिच्यावरची धूळ आमच्या वाडीतली आहे. आमची धूळ आम्ही काढून घेतोय."

पुढचे दिवस घरात कुणाला सुख म्हणून लाभलं नाही. आतोबा उजाडताच पंचा नेसून खोपीत शिरत आणि जेवायला बोलावलं तर वसकन अंगावर येत. शेवाळ खरवडलं, पितळी दिवे चिंचेनं घासले, गादीतला उंदरांनी कुरतडलेला काथ्या काढून नवा भरला. पण एक डाग निघाला की खालून गंज डोकावायचा, आणि गंज दिसला की आतोबांचा चेहरा उतरायचा. मी एकदा म्हटलं, "इंजिन तर चालतच नाही, मग वरून एवढं कशाला?" ते माझ्याकडे असे बघायला लागले की आता माझ्याशीही अबोला धरतात, असं मला वाटलं.

संध्याकाळी आत्या मला म्हणाली, "तू त्यांना बोलू नकोस गं. त्यांना मोटार नको नि काही नको. अण्णांनी एकदा 'छान ठेवलीस' म्हणावं, एवढंच हवंय. दोघांचीही वयं झाली. आता नाही तर कधी?" त्या घटकेपासून मलाही शनिवारचा धसका बसला.

शुक्रवारी आतोबांनी कहर केला. गंजावर उपाय म्हणून ते कोळीवाड्यातल्या हिराजी नाखव्याला विचारून आले. नाखवा म्हणाला, "भाऊ, आमी होडीला मोरीचा तेल लावतो. दर्याचा पानी तिला काय करत न्हाय, तं वारा काय करील?" मोरी मासा आतोबांनी जन्मात पाहिला नव्हता, पण युक्तिवाद त्यांना बिनतोड वाटला. त्यांनी डबाभर तेल आणून मोटारीच्या पोटापासून टपापर्यंत चोपडलं. मोटार चकाकली खरी, पण जो वास सुटला तो वर्णन करण्याच्या पलीकडचा होता. आमच्या त्या सोवळ्याच्या घरात आत्यानं देव झाकले आणि तोंडाला पदर लावून ती मटकन खाली बसली. मग रिठे झाले, राख झाली, उद झाला. शेवटी आतोबांनी केवड्याची कणसं आणून गाडीत ठेवली. त्यानंतर केवड्याचाही वास येऊ लागला आणि मोरीचाही, आणि दोघं एकमेकांना हार जाईनात.

शनिवारी आतोबा सकाळपासून फडकं हातात घेऊन खोपीतच होते. दिघी बंदराहून निघालेली बैलगाडी दारात थांबली. अण्णांचा मुलगा सामान घेऊन ओटीवर चढला. अण्णा मात्र काठी टेकत, पायाखालची ओळखीची वाट चाचपत सरळ खोपीकडे आले. त्यांची नजर मोटारीवर नव्हती, आतोबांवरही नव्हती. ती मधल्याच कुठल्या तरी जागी अडकली होती. अण्णांचे डोळे गेले होते आणि हे आम्हाला कुणी कळवलंच नव्हतं. आतोबांच्या हातातलं फडकं तसंच राहिलं. इतकी घासपूस केली ती ज्यांना दिसावी म्हणून, त्यांना काही दिसतच नव्हतं.

"कोण आहे?" अण्णांनी विचारलं.

आतोबांनी इकडेतिकडे पाहिलं. खोपीत खांबसुद्धा धड नव्हता. मी तोंड उघडणार तोच त्यांनी मला डोळ्यांनी दटावलं.

"गडी आहेस काय रे इथला?"

"व्हय," आतोबा घोगऱ्या आवाजात म्हणाले.

अण्णांनी बॉनेटवर हात ठेवला. तो हात मडगार्डावरून उतरला, दिव्याभोवती फिरला, दारापाशी थांबला. मग त्यांनी बोटं नाकाशी नेली. मी डोळे मिटून घेतले.

"मोरीचं तेल लावलंस होय? शहाणा आहेस. गंजायची नाही आता. मालकानं सांगितलं लावायला?"

"व्हय."

"मालक बोलतो का कधी माझ्याविषयी?"

"न्हाय."

"शिव्या देतो?"

"त्या मातर देतो."

अण्णा खो खो हसले. मग दार उघडून आत बसले आणि चाकावर हात ठेवून म्हणाले, "मालकाला सांग, दादा होते तेव्हासुद्धा इतकी छान नव्हती. फार छान ठेवलीस म्हणावं. सांगशील ना नीट?"

"सांगतो जी," आतोबा म्हणाले आणि त्यांनी तोंड फिरवलं.

सबंध दुपार ते दोघे त्या न चालणाऱ्या मोटारीत बसून होते. अण्णा विचारत होते, गडी उत्तरं देत होता. कुठल्या माडाला फळ धरतं, विहिरीला पाणी किती, मालकिणीच्या गुडघ्यांचं कसं आहे. जेवताना आत्यानं अण्णांच्या मुलाला खुणावलं, मान खाली घालून "हे श्रीवर्धनला गेलेत" असं सांगितलं, आणि आतोबा मागल्या पडवीत केळीच्या पानावर जेवले. मोटार न्यायची गोष्ट अण्णांनी काढलीच नाही. निघताना तेवढं म्हणाले, "राहू दे इथंच. तिची सोय चांगली आहे."

दिघीला पोचवायला गडी म्हणून आतोबा आणि सोबतीला मी अशी आम्ही गेलो. पाण्याला ओहोटी होती, त्यामुळे बोटीपर्यंत नेणारा पडाव लांबच उभा होता. अण्णांचा मुलगा सामान घेऊन पुढे गेला आणि आतोबांनी भावाला हाताला धरून गुडघाभर पाण्यातून नेलं आणि पडावात बसवलं. तरी हात सुटेना. तेव्हा अण्णा समुद्राकडे तोंड करूनच म्हणाले, "जा आता. पाण्यात उभा राहू नकोस. तुला लगेच शिंका येतात, लहानपणापासून."

तांडेलानं वल्ही मारली. "अण्णा!" आतोबांनी हाक मारली, पण वारा उलटा होता आणि पडाव बोटीकडे सरकत चालला होता.

परतीच्या वाटेवर गाडीत त्यांनी पंचा पिळला. मग खांबाला नव्हे, मलाच विचारलं, "ओळखलंन् असेल का गं त्यानं?"

"ओळखलं की."

"केव्हा?"

"तुम्ही पहिल्यांदा 'व्हय' म्हणालात तेव्हाच."

"मग बोलला का नाही?"

"बोलत तर होते, आतोबा. दुपारभर तुमच्याशीच बोलत होते."

ओल्या पंचाच्या टोकानं त्यांनी नाक पुसलं आणि घर येईपर्यंत माझ्याकडे पाठ करून शिंकत राहिले.