बाबांच्या ट्रकचा नॉब

आज सकाळी घरच्या घरी गाडीत एक बदल केला आणि दुपारी तो काढून टाकला. त्याबद्दलच लिहितोय.

आमचे बाबा गोव्यात पाळी गावच्या खाणीवर ट्रक चालवायचे. खाण बंद पडली, ट्रक भंगारात गेला, पण त्याच्या गियरचा काळा नॉब त्यांनी घरी आणून जपून ठेवला. मला वाटलं, तो आपल्या गाडीला लावला तर बाबांना बरं वाटेल. आटे जुळत नव्हते, म्हणून आत टेप गुंडाळून घट्ट बसवला. दिसायला झकास.

माझी बायको शिल्पा सध्या गाडी शिकतेय. अंगणातून गाडी मागे घ्यायची म्हणून तिने नॉबवर कोरलेला गियरचा नकाशा बघितला. डावीकडे वर 'R' होता. तिथे गियर टाकला आणि गाडी पुढे जाऊन सरळ माडाच्या आळ्यात उतरली. ट्रकचा रिव्हर्स जिथे होता, तिथे आमच्या गाडीचा पहिला गियर आहे.

"लिहिलंय तसंच केलं मी," ती म्हणाली. ते खरंच होतं.

बाबा पडवीतल्या सोप्यावरून उठून आले. मला वाटलं, हसतील. म्हणाले, "काढ तो, पुता. माझी वाट तिला कित्याक दाखवतोस?"

मी नॉब काढून त्यांच्या हातात दिला.

तुमच्याही घरी आहे का अशी वस्तू, जी वापरता येत नाही आणि टाकवतही नाही?

आता शिल्पा अंगणात गाडी मागेपुढे करतेय. बाबा सोप्यावर बसलेत, नॉब मुठीत आहे. तिने गियर बदलला की त्यांची मूठ हलते.