व्हॉल्व्हची उडी

लष्कराच्या वर्कशॉपमधून रिटायर झाल्यावर आमच्या ह्यांनी स्वातंत्र्यापूर्वीची एक मोटार भंगारातून उचलून आणली. माझ्या सरकारी क्वार्टरचं गॅरेज तिने सात वर्षं अडवलं आणि माझ्या लोणच्याच्या बरण्या पलंगाखाली गेल्या. सातव्या हिवाळ्यात जुन्या गाड्यांच्या रॅलीत तिला पळवायचीच, असं ह्यांनी ठरवलं.

अडचण होती स्प्रिंगांची. इंजिनात कॅम, म्हणजे फिरत्या दांड्यावरचा उंचवटा, व्हॉल्व्हला ढकलून उघडतो, स्प्रिंग त्याला परत मिटते. वेग वाढला की थकलेली स्प्रिंग मागे पडते, व्हॉल्व्ह बसता बसता उडी मारतो, आणि पिस्टनला धडकला तर इंजिनाचे बारा वाजतात. तसं दुसरं इंजिन दिल्लीत काय, कुठेच मिळणार नव्हतं.

मग इंजिनाचं हेड, म्हणजे व्हॉल्व्ह बसवलेला वरचा भाग, टेबलावर आवळलं आणि पिठाच्या गिरणीची मोटर पट्ट्याने कॅमला जोडली. इतक्या वेगात डोळ्यांना काय दिसणार? म्हणून आमच्या मंडळाच्या गणपतीपुढे लागणारा लुकलुकता दिवा आणला. लुकलुक वेगाशी जुळली की फिरणारी वस्तू थांबल्यासारखी दिसते. दिवा मागताना मी सेक्रेटरींना सांगितलं, घरी सत्यनारायण आहे. सत्यनारायणाला डिस्को लाइट कशाला, हे त्यांनी विचारलं नाही, हे त्यांचे उपकार.

भर दुपारी गॅरेजची दारं लावून परीक्षा सुरू झाली.

"बघ, बिल्कुल स्थिर! एकदम फिट."

"अहो, दिवाच तसा जुळवलाय. सगळंच स्थिर दिसणार. बटण जरा मागे घ्या."

मी बोटाने बटण दाखवलं, तेव्हा घेतलं. आता व्हॉल्व्ह सावकाश हलताना दिसला. बसला, किंचित उठला, पुन्हा बसला. मोटरच्या घरघरीत खडखडही मिसळली होती.

"खडखड ऐकताय ना?" मी ओरडले. हे दिव्याकडेच बघत राहिले.

इंजिनाला टेकवलेला पेचकस कानाला लावून कुठला व्हॉल्व्ह ढिला ते सांगणारा हा माणूस दिव्याच्या मागे का लागला, ते तेव्हा माझ्या डोक्यात शिरलं. मी मोटर बंद केली. जवळ जाऊन विचारलं, "कधीपासून ऐकू येत नाही?"

"दोन वर्षं झाली असतील. कोणाला सांगू नकोस, यार."

दोन वर्षं! दूध आणा, गॅस नोंदवा म्हणून मी घसा फोडत होते, आणि हे मुद्दाम दुर्लक्ष करतात म्हणून धुमसत होते. एवढा राग फुकट गेला, याचंच मला आधी वाईट वाटलं. ह्यांचं वाटायला थोडा वेळ लागला.

कडक स्प्रिंगा बसवल्यावर व्हॉल्व्ह शहाण्यासारखा वागला. तरी रॅलीच्या सकाळी ह्यांनी पुढच्या सीटवरची हत्यारांची पेटी मागे टाकली. "तू इथे बस. खडखड आली की हातावर चापट मार."

इंजिन ठणठणीत होतं. कोपर्निकस मार्गावर मी उगाच, गंमत म्हणून एक चापट मारली. ह्यांनी एका शब्दाने न विचारता वेग उतरवला. मागच्या दोन गाड्या आम्हाला ओलांडून गेल्या, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.