दीड ओळीनंतरची तीन टिंबं

देवळात आईबरोबर गेले तर चपला सांभाळायला बाहेर थांबणारी मी. भुताखेतांवर, संकेतांवर काडीचा विश्वास नव्हता. म्हणून हे लिहू की नको, यातच बरेच दिवस गेले.

मी भिवंडीत निजामपुऱ्याजवळ राहते आणि घरूनच वेबसाइट बनवते. गेल्या वर्षी इथल्या एका मंडळाने हरवलेल्या माणसांसाठी साइट करून मागितली. प्रत्येकाचं एक कार्ड — वर फोटो, मग नाव, खाली माहिती. सगळी कार्डं एकाच मापाची. आता कुणी दोन शब्द देतं, कुणी अख्खा निबंध... म्हणून नियम लावला होता: माहितीच्या फक्त तीन ओळी दिसतील. मजकूर त्यात मावला नाही, तर उरलेला झाकायचा आणि शेवटी तीन टिंबं. म्हणजे बघणाऱ्याला कळतं, अजून आहे, दाबून वाचा. साधं काम. कितीतरी साइट्सवर केलेलं.

एका दुपारी जवळच्या दिघाशी गावच्या दामूकाकांचं कार्ड टाकलं. वय सत्तरीपुढे, विसरायला व्हायचं, आदल्या सकाळी घरातून निघाले ते परतलेच नव्हते. त्यांच्या बायकोने, सुमनकाकूंनी, फोनवर माहिती दिली — अंगात पांढरा सदरा, उजव्या पायाने लंगडतात. जेमतेम दीड ओळ.

पानावर बघते तर शेवटी तीन टिंबं!

वाटलं, टाइप करताना मागे रिकाम्या जागा राहिल्या असतील. पुसलं, पुन्हा लिहिलं. तेच. कार्ड पुन्हा नव्याने बनवलं, आईच्या मोबाइलवर बघितलं. तेच. मग त्या कार्डापुरता टिंबांचा नियमच काढून टाकला, तर मजकुराखाली कोरी जागा उघडली आणि खालची सगळी कार्डं सरकली... जणू तिथे अजून बरंच काही लिहिलेलं आहे, फक्त दिसत नाही. बाकी एकाही कार्डात असा घोळ नव्हता. नियम परत लावला.

माझ्याबरोबर काम करणारा इम्रान शेजारच्या गल्लीत राहतो. त्याला बोलावलं. हसतच आला, "स्पेस रह गई होगी तेरी." मग खुर्ची ओढून बसला. बराच वेळ सगळा कोड चाळला आणि त्याचं हसू गेलं.

"इसमें तो कुछ है ही नहीं, यार. फिर ये काट क्या रहा है?"

मी उठले, पाणी प्यायले, परत बसले, परत उठले. काही सुचेना. शेवटी काकूंना फोन लावला.

"काकू, काकांबद्दल अजून काही सांगायचं राहिलंय का?"

"न्हाय ताई. सांगलं तेवढंच हाय."

"नीट आठवा ना... काहीही."

पलीकडून मग दार लोटल्याचा आवाज आला आणि काकू अगदी हळू बोलायला लागल्या.

"कोन गावाला त्यांची भैन हाय, हिरा. जमिनीवरनं भांडण झालं, तवापास्नं येनं-जानं न्हाय. म्हातारा हल्ली सारखा म्हनतो, हिराकडं जायचं हाय. पोरं वरडतात त्याला. मला बोलली, घरातलं बाहेर सांगायचं न्हाय."

"तिकडे कुणी बघून आलं?"

"कोन जानार, ताई?"

मी पत्ता विचारून घेतला आणि सगळं कार्डात लिहिलं — बहिणीचं नाव, कोन गाव, मारुतीच्या देवळामागचं घर. आता मजकूर चांगला पाच ओळींचा झाला होता. इथे तर टिंबं यायलाच हवी होती.

आली नाहीत. सगळा मजकूर त्या तीन ओळींच्या जागेत बसला. अक्षरं लहान झाली नाहीत, चौकट वाढली नाही, तरी शेवटचा शब्दसुद्धा पूर्ण दिसत होता. इम्रानने पत्ता वाचला. मग बाइकची चावी उचलून कोनला निघाला.

हिराबाईंच्या घराला कुलूप होतं. त्या मुलाकडे डोंबिवलीला गेल्या होत्या. समोरून हाक मारून कुणीही परत फिरलं असतं. इम्रान मागे गेला. मोरीजवळ दामूकाका पडले होते. पाय मुरगळलेला, ओठ सुकलेले, हाक मारायलाही आवाज उरला नव्हता. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, अजून उशीर झाला असता तर कठीण होतं.

संध्याकाळी मी दवाखान्यात गेले. हिराबाई डोंबिवलीहून आल्या होत्या, भावाचा हात धरून बसल्या होत्या. काकांची मुलं बाहेर भिंतीला टेकून उभी होती, कुणाचीच मान वर नव्हती. सुमनकाकूंनी मला बाजूला घेतलं.

"ताई, मी काय तरी लपवलंय, ह्ये तुम्हाला कोनी सांगलं?"

खोटं काय सांगू? म्हटलं, "कम्प्युटरने."

मला वाटलं, त्या हसतील, नाहीतर घाबरतील तरी. त्यांनी नुसती मान हलवली, शेजारणीने सांगितलं म्हटल्यावर हलवावी तशी, आणि नवऱ्यापाशी जाऊन बसल्या.

मला मात्र ते तसं सहज घेता आलेलं नाही. ते कार्ड आम्ही जपून ठेवलंय. मोठ्या कंपन्यांत काम करणाऱ्या दोघांनी ते तपासलं. एकाने 'बघतो' म्हणून नंतर विषयच काढला नाही, दुसरा म्हणाला, हा मजकूर या चौकटीत मावूच शकत नाही.

तो अजूनही मावलेलाच आहे.