लेनोराने गाडी मागे घेतली

एकतीस वर्षं लेनोराची जागा गाडीच्या मागे होती. तिचा नवरा व्हर्डेल मोटारहोम, म्हणजे चाकांवरचं घर, चालवायचा आणि मुक्कामाला पोचलं की ती उतरून मागे उभी राहायची. हात डावीकडे, हात उजवीकडे, दोन्ही तळवे पुढे म्हणजे थांब. आमच्या नेब्रास्कात बहुतेक घरांत असंच चालतं, नवरा स्टिअरिंगवर आणि बायको धुळीत. गाडी तिरकी लागली की चूक बायकोची, सरळ लागली की कौशल्य नवऱ्याचं.

गेल्या हिवाळ्यात व्हर्डेलची नजर अधू झाली. समोरचं माणूस कडेकडेने दिसायचं, मधला चेहराच गायब. डॉक्टरांनी गाडी चालवायला बंदी केली. तो कुरकुरला नाही, पण एप्रिलमध्ये त्याने एका गृहस्थाशी सौदा ठरवला. राज्याचा मोटारहोमवाल्यांचा मेळावा संपला की मंगळवारी तो माणूस येऊन गाडी घेऊन जाणार.

हे मला बुधवारच्या प्रार्थनेनंतर, चर्चच्या स्वयंपाकघरात कप विसळताना कळलं.

"अडतीस फुटांची गाडी बाईमाणसाला झेपणार नाही, असं तो म्हणाला नाही हं," लेनोरा म्हणाली. "पण मला तसंच ऐकू आलं."

"मग तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, मेळाव्याच्या तयारीला गाडी मी नेते. कुणाच्या हातात न देता तिथे जागेवर लावली, तर विकायची नाही. नाही जमलं तर मंगळवारी किल्ल्या मीच देईन."

"आणि तो?"

"कॉफी संपवली आणि 'बरं' म्हणाला."

व्हर्डेलचं 'बरं' म्हणजे पक्कं. ते मागे फिरत नाही.

दोन आठवडे ती चर्चमागच्या मोकळ्या जागेत सराव करत होती. त्यात पाद्रीबाबांचा कचऱ्याचा डबा चेपला. त्यांनी क्षमा केली, पण आपली मोटार तेवढी रस्त्यापलीकडे नेऊन लावली.

मेळाव्याच्या तीन दिवस आधी, सोमवारी आम्ही निघालो. तयारीची मंडळी अशीच आधी जातात. आमच्या ह्यांनी आमची छोटी गाडी पुढे नेली आणि मी लेनोराच्या मागे सोफ्यावर बसले. निघण्याआधी तिघांनी हात धरून प्रार्थना केली. व्हर्डेलचं 'आमेन' जरा लवकरच आलं.

एकशे नव्वद मैलांचा रस्ता आणि दक्षिणेचा आडवा वारा. गाडी शिडाच्या होडीसारखी हलत होती. शेजारच्या सीटवर व्हर्डेल पायाखाली नसलेला ब्रेक दाबत होता.

"वेग किती आहे?" त्याने विचारलं.

"तुला दिसत नाही तेच बरं."

"मागे ट्रक आहे ना? आवाज येतोय."

"आहे. त्याच्यापुढे आपण आहोत. तू सँडविच खा."

त्याने मुकाट्याने खाल्लं. यॉर्क गावाच्या पुढे वारा थोडा पडला आणि लेनोराच्या खांद्यांचा ताण जरा कमी झाला.

मेळावा भरायचा त्या जत्रेच्या मैदानावर मिलो वाट बघत होता. गाड्या लावून घेण्याचं सगळं काम त्याच्याकडे असतं. चांगली हिरवळ पाहुण्यांसाठी राखायची आणि तयारीवाल्यांनी उरलेल्या अडचणीच्या जागा घ्यायच्या, हा आमचा जुना रिवाज. लेनोराच्या वाट्याला आलेली जागा एका बाजूला मेंढ्यांच्या शेडची भिंत आणि दुसऱ्या बाजूला पाण्याचा नळ अशी होती. अख्ख्या रांगेचं पाणी त्या एका नळावर.

मिलोने भिंत पाहिली, नळ पाहिला, मग लेनोराकडे पाहिलं. "किल्ली दे, मी लावतो. त्यात कमीपणा काही नाही."

"कमीपणा नाही रे, पण माझी गाडी जाईल."

तिची अट त्याला ठाऊक होती. तो बाजूला झाला.

तोवर खुर्च्या बाहेर आल्या होत्या. दुसऱ्याची गाडी मागे जाताना बघणं हा आमच्याकडचा फुकटचा तमाशा आहे. चौदा जण कॉफीचे कप घेऊन बसले, त्यात सगळ्यांत पुढे ड्वेन. पण तिने गाडी मागे घ्यायला सुरुवात केली तसे मिलो, ड्वेन आणि आमचे हे, तिघंही न राहवून मागे धावले. मिलो डावीकडे म्हणतोय, ड्वेन थांब म्हणतोय, आणि आमचे हे दोन्ही हात गोल फिरवतायत. त्याचा अर्थ मला इतक्या वर्षांच्या संसारात कळलेला नाही.

लेनोराने इंजिन बंद केलं आणि ती खाली उतरली.

"तिघंही जाऊन खुर्चीत बसा. मला तीन आरसे आहेत, तीन नवरे नकोत."

मग ती चालत मागे गेली. भिंतीपर्यंतची पावलं मोजली, नळापर्यंतची मोजली, परत येऊन गाडी चार फूट मागे घेतली आणि पुन्हा उतरली. असं सात वेळा.

"लेनोरा," ड्वेन ओरडला, "गाडीपेक्षा तूच जास्त मैल चाललीस."

"तू गेल्या वर्षी एकदाही उतरला नव्हतास, म्हणून तुझा मागचा दिवा नवा आहे."

सगळे हसले, ड्वेनची बायको सगळ्यांत मोठ्याने.

सहाव्या वेळी गाडी भिंतीकडे तिरकी गेली. सरळ करायला पुढे घेणं भाग होतं. "डावीकडे वळव, लगेच!" ड्वेनचा सल्ला आलाच. पण गाडी पुढे जाताना डावीकडे वळली की तिचं शेपूट उजवीकडे फेकलं जातं, आणि उजवीकडे नळ होता. चालवणारे हे विसरतात. लेनोरा एकतीस वर्षं त्या शेपटासमोरच उभी राहिली होती. तिने चाकं सरळ ठेवली, नळ पूर्ण मागे पडेपर्यंत नाकासमोर पुढे आली, आणि मग वळवलं.

मी सोफ्यावर ओठांतल्या ओठांत प्रभूचा धावा करत होते. व्हर्डेल हात गुडघ्यांवर ठेवून बसला होता. त्याने खिडकीची काच खाली केली होती आणि चाकांखालची खडी ऐकत होता. माझ्या मते त्या दिवशी सगळ्यांत अवघड काम त्याचंच होतं.

सातव्यांदा उतरून आल्यावर लेनोराने एका दमात गाडी मागे घेतली आणि ब्रेक ओढला.

"लागली?" व्हर्डेलने विचारलं.

"लागली."

"सरळ?"

"उतर आणि हात लावून बघ."

तो उतरला. एक हात गाडीच्या अंगावरून फिरवत शेवटपर्यंत गेला. भिंत चाचपली. मग पलीकडून येऊन नळ चाचपला आणि नळ ते गाडी अंतर वितीने मोजलं.

"तीन विती," तो म्हणाला. "मी एवढी जागा कधी ठेवली नव्हती."

मिलोने टाळी वाजवली, मग सगळ्यांनीच.

व्हर्डेलने खिशातून फोन काढून माझ्या हातात दिला. "त्या माणसाचा नंबर लावून दे."

मी लावून दिला.

"गाडी विकायची नाही," तो फोनवर म्हणाला. "हो, आधी विकायची होती. आता चालवणारी मिळाली... नाही हो, पगारी नाही. घरचीच आहे."

लेनोरा पायरीवर बसली. मी कॉफी दिली, ती तिने दोन्ही हातांनी धरली.

"येत्या हिवाळ्यात ऑरेगन," ती म्हणाली. "बहिणीकडे."

"आपण दर हिवाळ्यात टेक्सासला जातो," व्हर्डेल म्हणाला.

"तू जायचास. मी मागे उभी राहायचे."

"वाटेत मोठे डोंगर आहेत, लेनोरा."

"डोंगर मला दिसतात."

व्हर्डेल बराच वेळ नळाला टेकून हसत राहिला. मग मिलोने हाक मारली. गुरुवारी एकशे बारा गाड्या येणार होत्या आणि मैदानावर त्यांच्या जागा आखणारी एकही चुन्याची रेघ मारलेली नव्हती. "दोरीचं टोक कोण धरणार?" त्याने विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता दोरी लेनोराच्या हातात दिली.