नवरीचा गाल आणि दोन लॅपटॉप

हळद लागलेल्या नवरीच्या गालावरून मी लॅपटॉपच्या स्क्रीनचा रंग जुळवला. एका नाही, दोन लॅपटॉपचा. यातला गाढवपणा ज्यांना लगेच कळला त्यांनी हसून घ्यावं. बाकीच्यांसाठी सविस्तर सांगतो, म्हणजे त्यांनाही हसता येईल.

घाटंजीत माझं कॉम्प्युटर विक्री-दुरुस्तीचं दुकान आहे. बोर्डावर नावापुढे ‘सोल्युशन्स’ लिहिलंय. बोर्ड रंगवणाऱ्याने सुचवलं, मला आवडलं. त्याच लाइनीत पुंडलिकभाऊंचा फोटो स्टुडिओ. लग्नांचे फोटो भाऊ काढतात, एडिटिंग त्यांची बायको, म्हणजे वैशालीवहिनी करतात. त्यांनी माझ्याकडून दोन लॅपटॉप घेतले होते. कंपनी एक, मॉडेल एक. एक समोर काउंटरवर, एक आत वहिनींच्या टेबलावर.

आमच्याकडे अल्बम नागपूरच्या लॅबला छपाईला जाण्याआधी मुलीकडचे लोक स्टुडिओत येतात आणि फोटो निवडतात. याला सिलेक्शन म्हणतात. प्रत्यक्षात चहा पीत कोणत्या आत्याला किती मोठं दाखवायचं यावर भांडायचा तो कार्यक्रम असतो. त्या दिवशी संध्याकाकू आल्या होत्या, नवरीची आई. काउंटरवरच्या लॅपटॉपवर त्यांनी मुलीचा शालू पाहिला, डाळिंबी. मग उरलेले फोटो बघायला आत गेल्या. तिथे तोच फोटो, तोच शालू, पण विटकरी.

काकूंनी तो शालू यवतमाळला अख्खा दिवस घालवून निवडला होता. त्यांना वाटलं, पुंडलिकभाऊंनी फोटोत काहीतरी कारभार केला. आणि काकूंना दुखवणं भाऊंना परवडणारं नव्हतं, कारण काकूंच्या धाकट्या मुलीचं लग्न तुळशीच्या लग्नानंतर होतं. त्याचं काम कोणाला द्यायचं हे या अल्बमवर ठरणार होतं.

भाऊंचा मला फोन आला. “काहून बापा, तू मले एक खरा अन् एक डुप्लिकेट देल्ला काय?”

मी तोऱ्यात गेलो. आधी सोपे संशय काढले. ब्राइटनेस सारखा. नाइट लाइट, म्हणजे डोळ्यांना त्रास नको म्हणून स्क्रीन पिवळसर करणारी सोय, दोन्हीकडे बंद. मग पॅनलचे नंबर पाहिले, ते वेगळे निघाले. पॅनल म्हणजे चित्र दाखवणारा स्क्रीनचा भाग. लॅपटॉप कंपनी तो बहुतेक वेळा स्वतः बनवत नाही, दोन-तीन कारखान्यांकडून घेते आणि ज्याचा हाती येईल तो बसवते. वरून डबा तोच, स्टिकर तेच. एका कारखान्याचा पॅनल जरा पिवळट, दुसऱ्याचा जरा निळसर. यात डुप्लिकेट काही नसतं.

इथपर्यंत मी हुशार होतो. हे सांगून उठलो असतो तर आजही हुशारच राहिलो असतो.

पण काकू समोर बसल्या होत्या आणि बाहेर माझा ‘सोल्युशन्स’चा बोर्ड होता. मी म्हणालो, आत्ता जुळवून देतो. रंग जुळवायचं खरं यंत्र स्क्रीनवर ठेवतात, ते रंग मोजतं. ते माझ्याकडे नव्हतं. माझ्याकडे एका व्हिडिओत ऐकलेलं ज्ञान होतं, की माणसाच्या कातडीचा रंग नीट दिसला की बाकीचे रंग आपोआप नीट येतात. वहिनींच्या स्क्रीनवर नवरीचा क्लोजअप उघडा होता. मी तो इतका मोठा केला की स्क्रीनभर नुसता गाल. गाल फार पिवळा दिसत होता. मी सेटिंगमध्ये जाऊन पिवळेपणा कमी करत गेलो, करत गेलो, गाल माणसाचा दिसेपर्यंत. मग काउंटरवरच्या लॅपटॉपवरही तोच गाल, तोच उपचार.

फोटो हळदीचा होता, हे त्या खोलीत कोणाच्याच लक्षात आलं नाही. वहिनी चहा टाकायला मागे गेल्या होत्या. भाऊ माझ्याकडे डॉक्टरकडे पाहावं तसं पाहत होते. दोन्ही स्क्रीनवर शालू आता सारखाच डाळिंबी दिसत होता, काकू खूश झाल्या. मी एक बिस्किट जास्त खाल्लं.

चार-पाच दिवसांनी वहिनींचा फोन आला. म्हणाल्या, “सगळे फोटो निळेनिळे दिसून राह्यले. पावणे थंडीनं गारठल्यावानी वाटतेत. हळदीच्या फोटोत तर हळदच दिसत नाही.”

विचार करायची ही संधी होती. मी ती घेतली नाही. म्हणालो, वहिनी, कॅमेऱ्याचं व्हाइट बॅलन्स चुकलं असेल. म्हणजे कोणत्या उजेडाला पांढरं धरायचं यात कॅमेरा फसला असेल. तुम्ही एडिटिंगमध्ये थोडा पिवळेपणा वाढवा. बिचाऱ्यांनी वाढवला. प्रत्येक फोटोत, मनापासून.

अल्बम छापून आला. भाऊंनी मला बोलावलं आणि तो माझ्या मांडीवर ठेवला.

वरातीतला पांढरा घोडा बदामी झाला होता. नवरदेवाचा पांढरा कुर्ता फोडणीत पडल्यासारखा. रिसेप्शनला आलेला प्रत्येक पाहुणा थेट हळदीतून उठून आलेला. आणि हळदीच्या पानावर नवरी पळसाच्या फुलासारखी भगवी.

मी नागपूरच्या लॅबला फोन लावला आणि आवाज चढवून विचारलं, की मशीन बिघडलंय का. तिकडच्या माणसाने शांतपणे विचारलं, तुमच्या स्क्रीन कशावरून जुळवल्या? मी म्हणालो, चेहऱ्यावरून. कोणता फोटो होता? मी वहिनींकडे पाहिलं. वहिनींनी अल्बमचं हळदीचं पान माझ्यापुढे धरलं. मी लॅबवाल्याला, नेटवर्क नाही, असं सांगून फोन ठेवला. गालावरची खरी हळद मी स्क्रीनचा दोष समजून पुसली होती, म्हणून त्या निळ्या स्क्रीनवर बघून वहिनींनी चांगल्या फोटोंत पिवळा ओतला आणि लॅबने तो इमानाने छापला.

मग काकू आल्या. अल्बम त्यांनी पहिल्या पानापासून चाळला. शेवटी म्हणाल्या, “दिवाळीले जावई अन् व्याही येऊन राह्यले. पोरीच्या सासूनं हे पाह्यलं तं म्हणन, साऱ्या मांडवाले कावीळ झालती.”

भाऊंनी माझं नाव घेतलं नाही. पण सगळे माझ्याकडेच बघत होते, तेव्हा नाव घ्यायची गरजही नव्हती. मी कबूल केलं. काकू, पुंडलिकभाऊंचा काडीचा दोष नाही, गाढवपणा माझा आहे, दुसरा अल्बम माझ्या खर्चाने छापून देतो. एक मदत मात्र करा, तो शालू घेऊन या.

काकूंनी शालू आणला. लॅबने आधी नीट छापलेला एक जुना अल्बम आणि त्याच्या फोटोंच्या फाइली भाऊंनी काढून दिल्या. दोन्ही लॅपटॉप दाराशी, उन्हात नाही पण दिवसाच्या उजेडात ठेवले. छापलेलं पान शेजारी धरायचं आणि स्क्रीनवरचा तोच फोटो त्याच्यासारखा दिसेपर्यंत सेटिंग हलवायचं. यंत्राइतकं बरोबर येत नाही, पण गालापेक्षा लाखपट बरं. शेवटी शालू धरून खात्री केली. भर बाजाराच्या दिवशी स्टुडिओच्या दारात लग्नाचा शालू फैलावून मी लॅपटॉपशी ताडून बघत होतो. येणारे-जाणारे थांबून भाव विचारत होते.

वहिनींनी सगळे फोटो पुन्हा केले. दिवाळीआधी नवा अल्बम आला. घोडा पांढरा, शालू डाळिंबी, हळद फक्त हळदीच्या पानावर.

तेव्हापासून मी गिऱ्हाइकाला विकतानाच सांगतो, की मॉडेल एक असलं तरी दोन स्क्रीन सारख्या दिसतीलच असं नाही. रंग महत्त्वाचा असेल तर छापील नमुना शेजारी धरून जुळवा. आणि नमुन्यावर काही चोपडलेलं नाही ना, हे आधी बघा.

दिवाळी झाल्यावर काकू धाकट्या मुलीच्या लग्नाचं काम पक्कं करायला स्टुडिओत आल्या. मी तिथेच प्रिंटरची वायर लावत बसलो होतो. भाऊंनी तारखा विचारल्या. हळद, लग्न, रिसेप्शन, काकूंनी सगळं सांगितलं. पत्रिका भाऊंना दिली, एक मलाही दिली. मी हात जोडले.

जाताना त्या दारात थांबल्या आणि माझ्याकडे बोट करून भाऊंना म्हणाल्या, “पुंडलिक, ह्याले लग्नाले आण, पोटभर जेवू दे. हळदीच्या दिवशी मात्र मांडवात दिसला नाही पायजे.”