रिकाम्या बाकाची हजेरी

“सोनल, हजर मॅडम!”

लॅपटॉपमधून आवाज आला आणि सातवीचा अख्खा वर्ग चिडीचूप झाला. कॅमेरा खिडकीजवळच्या शेवटच्या बाकाकडे वळलेला होता. बाक रिकामा होता. सोनल दिवाळीच्या सुट्टीत गेली होती. गेली म्हणजे गावाला नव्हे, वारली. आवाज मात्र तिचाच होता. जरा घोगरा, शेवटी हसू दाबलेला.

मी तशी घाबरणारी बाई नाही. धुळ्यात बरीच वर्षं कॉम्प्युटर क्लास चालवला, टारगट पोरांना सरळ केलं, पाठीमागे मला ‘खडूस मॅडम’ म्हणतात हेही मला ठाऊक आहे. मुलगी चोपड्यात दिली, मीही तिकडेच आले आणि एका संस्थेचे जुने लॅपटॉप पिशवीत घालून आसपासच्या शाळांमध्ये शिकवायला लागले. पण त्या दिवशी मी लॅपटॉप पटकन मिटला आणि मुलांना मैदानात पिटाळलं.

हे झालं कसं, ते सांगते. मशीन लर्निंग म्हटलं की लोकांना वाटतं, काहीतरी आपल्या डोक्यावरून जाणारं असणार. तसं काही नाही. लहान मूल जसं बघून बघून शिकतं, तसं कॉम्प्युटरला उदाहरणं दाखवून शिकवायचं. आपण कप्पे करायचे. त्याला ‘क्लास’ म्हणतात. प्रत्येक कप्प्यात कॅमेऱ्यानं भरपूर फोटो घालायचे. हे झाले ‘सॅम्पल’. मग ‘ट्रेन’चं, म्हणजे शिकवायचं, बटण दाबायचं. पुढे नवं काही कॅमेऱ्यासमोर आलं की ते कोणत्या कप्प्यातल्यासारखं दिसतंय, हे मशीन टक्क्यांत सांगतं. बास, एवढंच.

पहिला प्रोजेक्ट आम्ही केळ्यांचा केला. चोपडा तालुक्यात दुसरं काय दाखवणार? कच्ची केळी एका कप्प्यात, पिकलेली दुसऱ्यात. मुलांनी कच्ची केळी पेपरवर ठेवून फोटो काढले आणि पिकलेली स्टीलच्या ताटलीत. मशीन फटाफट बरोबर सांगायला लागलं. मग कोणीतरी पिकलेली केळी खाऊन टाकली, तरी रिकाम्या ताटलीला मशीन ‘पिकलेलं केळं’च म्हणतंय! पोरं हसून लोळायची बाकी राहिली. मी त्यांना सांगितलं, बघा, आपण केळं बघत होतो, मशीन ताटली बघत होतं. त्याला कोणी सांगितलंय की केळंच बघ म्हणून?

दुसरा प्रोजेक्ट हजेरीचा. कॅमेऱ्यासमोर उभं राहिलं की मशीननं ओळखायचं आणि त्या मुलाच्याच आवाजात नावासकट ‘हजर मॅडम’ वाजवायचं. प्रत्येकानं आपापला आवाज भरला होता. मुलांना याचं भारी कौतुक. सगळ्यांचे फोटो फळ्यासमोर, माझ्या टेबलाजवळ उभं करून काढले. एकट्या सोनलचे नाही. तिला सिकलसेल होता. रक्ताचा आजार. रक्तातल्या पेशींचा आकार बिघडतो आणि अधूनमधून हाडं अशी ठणकतात की माणसाला पाय टेकवत नाही. त्या दिवशी तिचे गुडघे दुखत होते. म्हणून मीच लॅपटॉप उचलून तिच्या बाकापाशी नेला. खिडकीतून ऊन येत होतं, मागे निळी भिंत, आणि पुढे ती. आवाज भरताना सारखी हसत होती. तिसऱ्यांदा कसाबसा जमला.

“मॅडम,” ती म्हणाली होती, “मी नसले तरी हे माझी हजेरी लावेल ना?”

तिच्या हजेऱ्या आजारपणामुळे फार बुडायच्या. मी म्हटलं, चालूपणा करायचा नाही, माझ्या वर्गात खोटी हजेरी चालत नाही. ती खुदकन हसली.

तर, मैदानातून सगळ्यात आधी रेणुका परत आली. सोनलची जिवाभावाची मैत्रीण. सोनल गेल्यापासून ती पुढच्या रांगेत बसायची, पण तो बाक रोज स्वतः पुसायची. कुणी सांगितलेलं नव्हतं. दाराशी उभी राहून ती हळूच म्हणाली, “मॅडम, ताटलीसारखं झालं ना?”

मी ‘हो’ म्हटलं. मशीननं सोनलला कधी ओळखलंच नव्हतं. तिच्या कप्प्यातल्या प्रत्येक फोटोत ती खिडकी, ते ऊन आणि ती निळी भिंत होती, आणि बाकीच्यांच्या एकाही फोटोत नव्हती. मशीनचं काम सोपं झालं. खिडकी दिसली की सोनल. त्यातून या मशीनला ‘माहीत नाही’ असं म्हणता येत नाही. दिलेल्या नावांपैकी एक निवडायचंच, अशी त्याला सक्ती. समोर कोणी नसलं तरी.

रेणुकाला कळलं, पण बाकीच्यांना ते कळून घ्यायचं नव्हतं. मुलं घरी गेली आणि गावभर झालं: सोनल वर्गात आहे, मशीनला दिसते, आपल्याला दिसत नाही.

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापक महाजन सरांनी बोलावून घेतलं. जळगावच्या विज्ञान प्रदर्शनात हाच प्रोजेक्ट जायचा होता. सर माणूस वाईट नाहीत, पण गडबडीचे.

“मॅडम, तिचं नाव काढून टाका. डिलीट. विषय संपला.”

“नाव काढलं तर मशीन त्या बाकाला दुसऱ्या कुणाचं तरी नाव देईल, सर. त्याला गप्प बसता येत नाही. कुणाचं चालेल तुम्हाला तिथे?”

सर म्हणाले, मग काय ते तुम्हीच बघा, पण सोनलच्या वडिलांपर्यंत हे जाऊ देऊ नका.

आता ते कसं शक्य होतं? सोनलचे वडील सुभाषभाऊ चोपडा स्टँडवरून गावापर्यंत रिक्षा चालवतात. आठवड्यातून दोनदा मी त्यांच्याच रिक्षेनं शाळेत जायची. पूर्वी वाटभर सोनलचं कौतुक सांगायचे. ती गेल्यापासून रिक्षात नुसता इंजिनाचा आवाज.

पुढच्या खेपेला मी उतरले, तरी त्यांनी रिक्षा वळवली नाही. हँडल धरून बसून राहिले, मग त्यांच्या अहिराणीत म्हणाले,

“मॅडम, पोरे सांगी ऱ्हायनात, मशीन मनी सोनलनं नाव लेस. तिनाच आवाजमा. खरं शे का?”

मी म्हटलं, मशीन तुमच्या सोनलचं नाव घेतं खरं, आवाजही तिचाच आहे भाऊ, पण...

ते मधेच बोलले. सोनल गेली त्या दिवसापासून तिची आई धड जेवत नव्हती. मशीनचं ऐकल्यापासून मात्र उठून बसली होती. केस विंचरले होते. शाळेत न्या म्हणून मागे लागली होती, माले शाळामा लई चाला, मी रोज ऐकसू. सुभाषभाऊंनी तिला थांबवून ठेवलं होतं. आधी मी बघतो, म्हणाले होते. “खरं व्हई तर तिले उद्याच लयस,” ते मला म्हणाले, म्हणजे उद्याच तिला घेऊन येणार.

बाईनं तोंडात घास घेतला होता, तो या एका आवाजावर. होय म्हटलं तर ती रोज येऊन रिकाम्या बाकासमोर बसणार. नाही म्हटलं तर तिची पोर दुसऱ्यांदा जाणार, आणि या वेळी माझ्या हातून. मी त्यांना आत घेऊन गेले.

शाळा भरायला अजून बराच वेळ होता. वर्गात रेणुका तेवढी झाडत होती. मी लॅपटॉप उघडला आणि बाकाकडे वळवला.

“सोनल, हजर मॅडम!”

सुभाषभाऊ पुन्हा ऐकायचं म्हणाले. मी पुन्हा ऐकवलं. त्यांचा चेहरा असा काही उजळला की वाटलं, बाई गं, इथेच थांब. हो म्हणून टाक. कुणाचं काय बिघडतंय? खरंच जिभेवर आलं होतं माझ्या. तेवढ्यात रेणुकाकडे लक्ष गेलं. झाडू धरून ती माझ्याकडे टक लावून बघत होती. ताटलीची गोष्ट तिला मीच शिकवली होती.

“भाऊ,” मी म्हटलं, “तुम्ही जरा त्या बाकावर बसा.”

त्यांना कळेना. तरी ते गेले. लहान मुलांचा बाक, गुडघे वर घेऊन कसेबसे बसले. खिडकीतलं ऊन त्यांच्या दाढीवर पडलं.

“सोनल, हजर मॅडम!” लॅपटॉप म्हणाला.

ते दचकले. मागे वळून बघितलं. मग माझ्याकडे. मी रेणुकाला खूण केली. सुभाषभाऊ उठले, ती त्यांच्या जागी बसली. पुन्हा तेच. सोनल, हजर मॅडम. मी माझी पिशवी बाकावर ठेवली. सोनल, हजर मॅडम.

सुभाषभाऊ बराच वेळ त्या पिशवीकडे बघत राहिले.

“हाई तर मालेबी सोनल म्हणस,” ते म्हणाले. “मशीनले काईच समजस नही.”

“नाही भाऊ. त्याला फक्त ती खिडकी समजते. सोनल नाही समजत.”

ते रडले. मोठ्यानं नाही. टॉवेल तोंडाशी धरून. रेणुका त्यांच्याजवळ जाऊन उभी राहिली आणि तीही रडायला लागली. मी खडूस बाई, मी फळा पुसत बसले. फळ्यावर काही लिहिलेलं नव्हतं.

जरा वेळानं त्यांनी विचारलं, आता हे बंद कसं होतं? मी सांगितलं, बंद नाही करायचं, शिकवायचं. एक नवा कप्पा करायचा, ‘कोणी नाही’ नावाचा. त्यात या रिकाम्या बाकाचे फोटो घालायचे, भरपूर. म्हणजे इथे कोणी बसलेलं नाही, हे मशीनला कळेल. बटण कुणीतरी दाबून धरायचं. तोवर कॅमेरा फोटो काढत राहतो.

मी रेणुकाला हाक मारली. ती जागची हलेना. मान खाली घालून म्हणाली, मी नाही मॅडम, मला नाही जमणार. बरोबरच होतं तिचं. मीच करणार म्हणून खुर्ची ओढली.

“मी दाबस,” सुभाषभाऊ म्हणाले.

रिक्षाच्या क्लचची सवय झालेलं ते जाड बोट त्यांनी बटणावर ठेवलं. स्क्रीनवर छोटे छोटे फोटो भरायला लागले. बाक, खिडकी, भिंत. बाक, खिडकी, भिंत. एकाच उजेडातले फोटो चालत नाहीत, उजेड बदलला की मशीन पुन्हा चुकतं. हे आठवून रेणुकाच डोळे पुसत उठली. “काका, थांबा. खिडकी लावून पण घ्यावे लागतील.” तिनं एक झडप लावली, मग दोन्ही. मग पुन्हा उघडल्या. बाकावर दप्तर ठेवून, मग काढून. सुभाषभाऊ बटण दाबून बसले होते आणि मी ‘पुरे’ म्हणायचं विसरूनच गेले होते.

मग ‘ट्रेन’ केलं. लॅपटॉप बाकाकडे वळवला. आम्ही तिघं वाट बघत राहिलो. मशीन काही बोललं नाही. स्क्रीनवर तेवढं आलं: कोणी नाही. त्या शांततेइतकं जड मी काही ऐकलेलं नाही.

निघताना मी त्यांना म्हटलं, भाऊ, तिचा आवाज तुमच्या मोबाइलमध्ये टाकून देऊ का? त्यांनी मान हलवली.

“ऱ्हाऊ द्या. तठेच ऱ्हाऊ द्या, शाळामा. तिले शाळा आवडे.” रिक्षा सुरू करून मग म्हणाले, “तिनी मायले मी सांगसू.”

काय सांगितलं, कसं सांगितलं, मी विचारलं नाही. पुढे कितीतरी दिवसांनी एकदा त्यांनी आपणहून सांगितलं, आज सोनलची आई शेजारणीबरोबर बाजारात गेली होती. मी ‘बरं झालं’ एवढंच म्हटलं.

प्रदर्शनाला आम्ही जळगावला गेलो. सोनलचा कप्पा काढायचा का, असं रेणुकानं आदल्या दिवशी विचारलं होतं. मी म्हटलं, कशाला? त्याला आता रिकामा बाक ओळखता येतो. मशीन सगळ्यांना बरोबर हजर करत होतं. परीक्षक म्हणून आलेल्या सरांनी ‘कोणी नाही’ या कप्प्याचं कौतुक केलं, हे तुम्हाला कसं सुचलं म्हणून विचारलं. उत्तर यायच्या आतच त्यांनी स्क्रीनवरची नावं वाचली आणि समोरच्या मुलांकडे बघितलं.

“ही सोनल कोणती?”

महाजन सर घसा खाकरून पुढे सरसावले, पण रेणुकानं त्यांना बोलू दिलं नाही.

“ती गैरहजर आहे, सर,” ती म्हणाली.

परीक्षकांनी बरं म्हटलं आणि पुढच्या टेबलाकडे गेले. बक्षीस ठिबक सिंचनाच्या मॉडेलला मिळालं. महाजन सर परतीच्या प्रवासभर त्यावर कुरकुरत होते.

आता नव्या शाळेत गेले की मी मुलांना पहिला कप्पा ‘कोणी नाही’चाच करायला लावते. सगळे वर्गाबाहेर जातात आणि एक जण रिकाम्या बाकांचे, भिंतींचे फोटो काढतो. मुलं हसतात. मॅडम, माणसांचे सोडून बाकांचे फोटो कशाला? मी म्हणते, प्रश्न नकोत, आत्ताच काढून ठेवा. मागाहून काढायचे म्हटले तर बोट चालत नाही.